भरतीच्या पोरांना पळवायचंय? आधी कट्ट्यावर बसवा

पहिल्या दिवशी पोराला पळवायचं नाही. मला माहितीये की पोरगं नवीन बूट घालून, चार वाजताचा गजर लावून आलेलं असतं आणि आपण किती पळतो ते कधी एकदा तुम्हाला दाखवतो असं त्याला झालेलं असतं, तरी पण नाही. कट्ट्यावर बसवायचं आणि वही काढायची.

मी गेली नऊ वर्षं आमच्या तालुक्याच्या गावात पोलीस भरतीच्या पोरापोरींचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणीची तयारी, घेते. दहा ते सहा पतपेढीत नोकरी आणि पहाटे पाच ते सात मैदान. ॲकॅडमी नाही, बोर्ड नाही, कसला ड्रेसकोड नाही. मी स्वतः भरतीत दोन मार्कांनी राहिलेली, त्यामुळे राहणं म्हणजे काय असतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. अधूनमधून कुणीतरी विचारतं की ताई आमच्या पण गावात असं काही सुरू करायचंय, काय काय लागेल, आणि त्यांना वाटतं मी व्यायामाचं शेड्युल पाठवीन. शेड्युल मोबाईलवर शंभर सापडतात हो. पोरं मधेच गळतात ती शेड्युल चुकलं म्हणून नाही गळत, त्यांचं तुमच्याशी जमत नाही किंवा तुमचं त्यांच्याशी, म्हणून गळतात. ते जमवायचं कसं, तेवढंच लिहितेय, माझ्या चुकांसकट.

तर वही. साधी दोनशे पानी, एका पोराला दोन पानं. पहिल्या दिवशी विचारायचं की घरात कोण कोण, कामाला कुठं जातोस, रात्री झोपतोस कधी, आधी किती भरत्या दिल्या, ग्राउंडला किती पडले होते, लेखीला किती, कुठं दुखतं का. आणि एक प्रश्न मी उशिरा शिकले तो म्हणजे आठवड्यातला सगळ्यात जास्त दमवणारा दिवस कुठला. झालं असं की एक पोरगी होती, मंगळवार ते शनिवार झकास पळायची आणि सोमवारी नुसती फरफटत यायची. मी दोनतीन सोमवार चांगलीच बोलले तिला, सगळ्यांसमोर, रविवारी काय लग्नं जेवत फिरतेस का वगैरे. ती काही बोलली नाही. मग एका रविवारी मी आठवडी बाजारात गेले तर ही पोरगी मेथीच्या जुड्या मांडून बसलेली, पहाटेपासून, आणि मला बघून तिनं मान खाली घातली. मी दोन जुड्या घेतल्या, पैसे दिले, निघाले. घरी येईपर्यंत मला माझीच लाज वाटत होती. त्यानंतर सोमवार तिच्यासाठी हलका, नुसतं स्ट्रेचिंग आणि चालणं, आणि वहीत तो प्रश्न कायमचा आला.

पहिल्याच दिवशी अजून एक करायचं आणि हे अजिबात लाजून टाळायचं नाही, ते म्हणजे उंची मोजायची. भिंतीला टाच लावून, अनवाणी, नीट. मुलांना १६५ सेंटीमीटर लागते, मुलींना १५५, आणि मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच सेंटीमीटर जास्त. मला एक मुलगी अशी माहितीये जी दुसरीकडे वर्षभर फी भरून पळत होती आणि तिची उंची होती साडेत्रेपन्न, म्हणजे १५३.५. वर्षभरात कुणालाही टेप लावावासा वाटला नाही. टेप लावला असता तर फी बंद झाली असती, असं मी म्हणत नाही, पण तुम्ही समजून घ्या. आणि हे आकडे दर वेळी नवीन जाहिरातीत बघूनच घ्या, माझ्या किंवा कुणाच्याही तोंडचे धरू नका, नियम बदलत असतात.

आता टायमिंगचं.

ज्यांना भरतीतलं काही माहिती नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. शिपाई पदाचं ग्राउंड ५० मार्कांचं, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, त्याला २० मार्क, शंभर मीटरला १५ आणि गोळ्याला १५. सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारलं तर २० पैकी २०, मुलींना आठशेला २ मिनिटं ५० सेकंद, त्याच्या पुढं सेकंद वाढत जातील तसे मार्क गळत जातात. पन्नासपैकी निम्मे तरी पडायलाच लागतात आणि मग एका जागेला दहा जण या हिशोबानं लेखीला बोलावतात, ती १०० मार्कांची. म्हणजे सगळा खेळ सेकंदाचा आहे, आणि म्हणून स्टॉपवॉच ज्याच्या हातात त्याच्यावर पोरांचा आंधळा विश्वास असतो. तो विश्वास मी एकदा घालवून बसले होते.

आमचं मैदान शाळेचं, ट्रॅक वगैरे काही नाही. सुरुवातीला मी पावलं टाकून फेरी मोजली आणि ठरवून टाकलं की दोनशे मीटर, आठ फेऱ्या म्हणजे सोळाशे. दोन वर्षं तसंच चाललं. एक पोरगा होता, बाप सेंट्रिंगच्या कामावर, पोरगं स्वभावानं एकदम मुकं पण पळायला हरणासारखं, आमच्या मैदानावर ५ मिनिटं २० सेकंद द्यायचा. मी त्याला सांगितलं होतं, अठरा मार्क कुठं जात नाहीत, तू गोळ्यावर लक्ष दे. तो गेला खऱ्या ग्राउंडला, पायाला टायमिंग मोजणारी चिप बांधून पळाला, आणि टायमिंग आलं ५ मिनिटं ५६ सेकंद. बिचारा मलाच फोन करून सॉरी म्हणाला. म्हणाला ताई मी घाबरलो बहुतेक.

मला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी एका गवंड्याकडून तीस मीटरचा टेप मागून आणला आणि दोन पोरांना घेऊन आतल्या कडेनं फेरी मोजली. एकशे ऐंशी. म्हणजे आठ फेऱ्यांचे झाले चौदाशे चाळीस मीटर. गणित करून बघा, चौदाशे चाळीसला ५:२० लागत असतील तर सोळाशेला बरोबर ५:५६ च येतात. पोरगं घाबरलेलं नव्हतंच, ते नेहमीसारखंच पळालं होतं. घोळ माझा होता.

तर तेव्हा माझ्यासमोर दोन रस्ते होते. एक म्हणजे गुपचूप फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) मारून नवीन मोठी फेरी आखायची आणि काहीतरी कारण सांगायचं, ते मी करू शकले असते, कुणाला कळलंही नसतं. पण मी सगळ्यांना गोल बसवलं, त्या पोराला माझ्या शेजारी, आणि सांगितलं की फेरी वीस मीटरनं कमी होती, ती मी चुकीची मोजली होती, तुमची सगळ्यांची वहीतली टायमिंग खोटी आहेत आणि याचे मार्क माझ्यामुळे गेले. बोलताना माझा आवाज चांगलाच कापत होता. मला वाटलं उद्यापासून निम्मी पोरं येणार नाहीत. झालं उलटंच. त्या आठवड्यात तीन पोरांनी मला आपणहून येऊन असल्या गोष्टी सांगितल्या ज्या ती कितीतरी दिवस लपवून होती, एकाचा गुडघा सहा महिने दुखत होता, एकीनं फॉर्मच भरला नव्हता, फीचे पैसे घरी खर्च झाले होते. आणि एक जण गोळा टाकताना रेषेवर पाय पडला तरी मापाला उभा राहायचा ते त्यानं स्वतःच सांगितलं. म्हणून माझं सांगणं आहे की चुकलात तर सगळ्यांसमोर सांगा, त्याच दिवशी सांगा, आणि पुढं ‘पण’ लावू नका. ‘माझं चुकलं पण तुम्ही पण सांगायला हवं होतं’ असलं वाक्य म्हणजे दुधात मीठ.

याच्याच जोडीला, पोराला खोटं बरं वाटू देऊ नका. ‘होऊन जाईल रे’ हे वाक्य मी बंद केलंय. पाच चाळीसवाल्याला मी सांगते की आज तुझे एवढे मार्क होतात, गेल्या वेळचं आपल्या जिल्ह्याचं मेरिट एवढं लागलं होतं, मधे एवढं अंतर आहे, तीन महिन्यात यातले इतके सेकंद कमी होऊ शकतात आणि उरलेलं लेखीतनं काढावं लागेल. पोरांना खरं झेपतं. आपल्यालाच सांगायला जड जातं.

कौतुकाबद्दल एक वाद नेहमी निघतो. आचरेकर सरांचं उदाहरण सगळे देतात, की सरांनी सचिनला २९ वर्षांत एकदाही वेल प्लेड म्हटलं नाही, हे सचिननं स्वतः २०१३ मध्ये वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सांगितलं, पोरगं हवेत जाऊ नये म्हणून. आणि मग हे उदाहरण देऊन लोक पोरांना दिवसभर शिव्या घालतात. अहो पण तेच सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे ना, की आऊट झाला नाहीस तर नाणं तुझं, आणि तेच सर त्या पोराला स्कूटरवर मागं बसवून एका मैदानावरनं दुसऱ्या मैदानावर मॅच खेळायला न्यायचे. स्कूटरवर मागं बसलेल्या पोराला वेल प्लेड ऐकायची गरजच काय. तुम्ही स्कूटर चालवणार नसाल तर निदान तोंडानं तरी चांगलं बोला, असं माझं मत आहे. आणि बोलायचं ते नेमकं बोला. ‘भारी पळालीस’ यातनं तिला काही मिळत नाही. ‘शेवटच्या फेरीत तुझे खांदे वर नाही गेले आज’ हे ती आठवडाभर लक्षात ठेवते.

चूक दाखवायची ती एका दिवशी एकच. हे मी गोळ्यावर शिकले. नवीन मुलगी चार किलोचा गोळा धरते तेव्हा सगळंच चुकलेलं असतं. गोळा तळहातात रुतलेला असतो, खरं म्हणजे तो बोटांच्या मुळाशी पाहिजे, मानेला टेकलेला नसतो, कोपर खाली पडलेलं असतं त्यामुळे ती गोळा ढकलत नाही तर क्रिकेटच्या बॉलसारखा फेकायला जाते आणि खांदा दुखवून घेते, पाय सरळ काठीसारखे, आणि टाकून झाल्यावर तोल जाऊन रेषेच्या पुढं, म्हणजे फाऊल, मार्क शून्य. हे सगळं मी पूर्वी एका दमात सांगायचे. पोरगी ‘हो ताई, हो ताई’ करायची आणि पुढचा गोळा आधीपेक्षा जवळ पडायचा. आता पहिला आठवडा फक्त कोपर. गोळा कुठंही पडू दे, फाऊल होऊ दे, मी बघतच नाही, कोपर खांद्याच्या रेषेत राहिलं की मी हात वर करते एवढंच. मुलींना पंधरा मार्कांसाठी ६ मीटर लागतात. आमच्यातली एक पावणेचारवर होती, पाच आठवडे तिला आम्ही आकडा सांगितलाच नाही, टेप लावलाच नाही, आणि सहाव्या आठवड्यात लावला तर पाच तीस. तिला टेपवरचा आकडा वाचता येईना, डोळ्यात पाणी. असं दर वेळी होतं असं समजू नका, दोघीतिघींचं काहीच वाढलं नाही.

जे पुरुष मुलींचं ग्राउंड घेतात त्यांना एक सांगून ठेवते, कोपर धरून सरळ करायला जाऊ नका. एक हलकी काठी ठेवा किंवा दुसऱ्या मुलीला दाखवायला सांगा. तुमच्या मनात काही नसेल, मला मान्य आहे, पण त्या पोरीला ते कसं कळणार आणि ती घरी काय सांगणार. रात्री नऊनंतर कुणाही एकाशी खासगी चॅट नाही, जे सांगायचं ते ग्रुपवर, आणि मुलींच्या ग्रुपमध्ये त्यांच्या आया पण ॲड करा. हो, आया मग गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात, तेवढं सहन करायचं.

मुलींच्या घरच्यांशी नातं हे मुलीशी नात्याइतकंच महत्त्वाचं असतं आणि ते पहाटेच्या अंधारात ठरतं. साडेचारला पोरगी एकटी निघणार असेल तर बाप दोन दिवस सोडेल, तिसऱ्या दिवशी म्हणेल राहू दे. म्हणून मी आधी गल्लीगल्लीच्या जोड्या लावते, कोण कुणाला हाक मारून पुढं घेऊन येणार ते ठरवते, आणि पहिल्या आठवड्यात एकदा घरी जाऊन येते. चहा घ्यायचा, नाही म्हणायचं नाही. बापाशी बोलायचंच पण खरी चौकशी आजीकडनं होते, ती विचारते लग्नाचं वय झालं, पायाला गाठी आल्या तर, काळी पडेल उन्हात. उत्तर द्यायचं, हसायचं नाही. आजी एकदा आपल्या बाजूनं आली की बापाची काय बिशाद. आणि पाळीच्या दिवसांचं पहिल्याच भेटीत मोकळं बोलून घ्यायचं की ज्या दिवशी झेपत नाही त्या दिवशी नुसतं हात वर करून सांगायचं, कारण सांगायचं नाही, मी विचारणार नाही. सारखी धाप लागत असेल, चक्कर येत असेल तर ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्या. मी एका मुलीला आळशी समजत होते, तिचं रक्त निघालं आठ. गोळ्या, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, आणि तीन महिन्यांनी ती वेगळीच मुलगी होती.

नडगी दुखण्याचं पण असंच. नवीन पोरं जोशात डांबरी रस्त्यावर रोज दहा किलोमीटर मारतात आणि तिसऱ्या आठवड्यात नडगीच्या हाडावर बोट ठेवलं तरी ओरडतात. सांगत मात्र नाहीत, कारण सांगितलं तर ताई थांबवेल. आणि मग कुणीतरी शहाणा त्यांना इंजेक्शन सुचवतो. माझ्याकडं नियम एकच आहे, दुखणं सांगितलं म्हणून कुणाचा ग्रुप बदलणार नाही, जागा जाणार नाही, तो बसून टायमिंग लिहील पण येईल मैदानावर. इंजेक्शनवाला मात्र मी दुसऱ्या दिवशी ठेवत नाही. दोघांना काढलंय आतापर्यंत, त्यातला एक चांगला मोठ्या घरचा होता, बरंच ऐकावं लागलं.

पैशाचं थोडक्यात. फुकट शिकवलं तर पोरं मनावर घेत नाहीत आणि फी लावली तर जिला खरी गरज आहे तीच येत नाही. मी महिन्याला पन्नास रुपये घेते, फक्की, पाण्याचा ड्रम, गोळा आणि दोरी यांच्यासाठी, आणि हिशोबाचा कागद शाळेच्या खिडकीला चिकटवते, फक्कीच्या पोत्याच्या किमतीसकट. ज्याला जमत नाही तो फक्की मारतो. पोरांना उसने पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे तर अजिबात नाहीत. आणि कुणी ‘सेटिंग’ करून देतो म्हणून पैसे मागायला लागलं की पोरांना तुमच्याकडं यायची भीती वाटता कामा नये, तेवढी मोकळीक आधीपासून ठेवा. लाचलुचपतवाल्यांचा १०६४ नंबर मी वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवलाय. बाप जमीन विकायला निघालेला असतो हो, आणि पोरगं कुणाला सांगू शकत नसतं.

एक मोह टाळा, सगळं आपणच शिकवायचा. माझं गणित कच्चं आहे. पतपेढीत काम करते म्हणून लोकांना वाटतं गणित येत असेल, अहो तिथं कॉम्प्युटर करतो. काळ-काम-वेग मला आजही सुटत नाही. तर आमच्याच ब्रँचमधला एक पोरगा शनिवारी संध्याकाळी बुद्धिमत्ता आणि गणित घेतो आणि मी पोरांच्यात मागं बसून वहीत उतरवते. माझी उत्तरं चुकली की पोरांना काय आनंद होतो. त्यांना आपली ताई चुकताना दिसली पाहिजे अधूनमधून, नाहीतर ती प्रश्न विचारायचीच बंद होतात.

तसंच सोडून द्यायचं पण शिकायला लागतं. चांगलं तयार झालेलं पोरगं एक दिवस सांगतं की ताई मी मोठ्या गावात ॲकॅडमी लावतोय. पोटात खड्डा पडतो, खोटं कशाला बोलू. पहिल्या पोराशी मी महिनाभर बोलले नव्हते, मूर्खपणा. आता वहीतल्या त्याच्या दोन पानांचे फोटो काढून त्यालाच पाठवते, कधी काय दुखलं, कुठल्या महिन्यात काय टायमिंग होतं, म्हणजे नवीन सरांना उपयोग होईल. बीडचा आपला अविनाश साबळे बघा, सैन्यात कोच अमरीश कुमारांनी त्याला स्टीपलचेसकडं, म्हणजे अडथळ्यांवरनं उड्या मारत पळायच्या शर्यतीकडं, वळवलं, मधे तो परदेशी कोचकडं गेला, तिथलं मानवलं नाही, परत अमरीश कुमारांकडं आला आणि पुढं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये सिल्व्हर घेतलं. परत यायला दार उघडं होतं म्हणून आला ना तो. पुढं तो अजून दुसऱ्या कोचकडं पण गेला, तेही ठीकच. माझी पोरं काही साबळे नाहीत पण दार उघडं ठेवायला कुठं ऑलिंपिक लागतं.

आणि आता सगळ्यात अवघड, जे मी अजूनही नीट शिकलेले नाही. न झालेली पोरं.

साधा हिशोब आहे, येतात त्यातली बहुतेक पोरं पोलीस होत नाहीत. माझ्याकडं वीस आली तर दोन होतात, एखाद्या वर्षी तीन, एखाद्या वर्षी शून्य. म्हणजे हे नातं जर फक्त वर्दीसाठी असेल तर ते बहुतेकांशी फसणारच. लिस्ट लागते त्या दिवशी झालेल्यांच्या स्टेटसला गुलाल असतो आणि ज्याचं एका मार्कानं गेलं तो फोन बंद करून बसलेला असतो. त्या दिवशी त्याच्या घरी जाऊ नका. मी जायचे, ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणायचे, आणि एकदा एका पोराच्या आईनं मला हात जोडून सांगितलं की ताई, आज नको. तिसऱ्या दिवशी जा. काही समजावू नका, घरातलं काहीतरी बोला, म्हैस कधी व्यायली, बोअरला पाणी आहे का. आणि निघताना म्हणा की उद्या स्टॉपवॉच धरायला माणूस नाही, येशील का. बहुतेक येतात. पळायला नाही म्हणतात, पण घड्याळ धरायला येतात, आणि मग आठवडाभरानं कुणी बघत नाही असं बघून हळूच दोन फेऱ्या मारतात.

वयाचं मात्र आधीच बोलून ठेवा. खुल्या वर्गाला २८, मागासवर्गीयांना ३३, आणि जाहिरात कधी निघेल याचा काही भरवसा नाही. मी आता पहिल्याच महिन्यात विचारते की कुठपर्यंत प्रयत्न करायचा, आणि तारीख वहीत त्याच्याच हातानं लिहून घेते, शेजारी दुसरं काय करणार ते पण, आयटीआय, ड्रायव्हिंग, दुकान, काही का असेना. हे पूर्वी करत नव्हते म्हणून एका पोराचं आयुष्य मी लांबवलं असं मला वाटतं. लग्न झालेला, एक मुलगी, चार भरत्या देऊन झालेल्या, आणि सगळ्यांना दिसत होतं की लेखी काही निघत नाही. मी पण गप्प कारण तो आला की ग्रुपला जोर यायचा, वॉर्मअप तोच घ्यायचा. शेवटी एक दिवस बाजूला घेऊन सांगितलं की आता पुरे कर, मी आधी सांगायला पाहिजे होतं. तो म्हणाला, तुम्हाला पण मी नकोच झालोय का, आणि गेला. चार महिने आला नाही, रस्त्यात दिसला तर गाडी वळवायचा. त्यानं दुधाचा टेम्पो घेतला. आणि एक दिवस पावणेपाचला मैदानाच्या गेटला टेम्पो थांबला, मागं आमचा पाण्याचा ड्रम, भरलेला. म्हणाला, तसं पण याच रस्त्यानं जातो मी. तेव्हापासून पाणी तोच आणतो. आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललेलो नाही.

आपल्या स्वतःबद्दल पण थोडं. आठवड्यात एक दिवस सुट्टी घ्या, आणि गेटची चावी दुसऱ्या कुणाकडं तरी असू द्या, नाहीतर तुम्हाला ताप आला की वीस पोरं अंधारात गेटवर उभी. घरच्यांना गृहीत धरू नका, माझा नवरा पहिली दोन वर्षं डबा स्वतः भरून गेलाय, ते त्यानं आजपर्यंत दहा हजार वेळा ऐकवलंय आणि त्याचा हक्क आहे तो. आणि श्रेयाची वाट बघू नका. आमच्या एका पोराचं झालं तेव्हा चौकात फ्लेक्स लागला, त्यावर नऊ पुढाऱ्यांचे फोटो आणि खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी मी, ‘मार्गदर्शीका’, वेलांटी पण चुकलेली. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय, वाईट दिवशी बघते आणि हसते.

झालेली पोरं फोन करत नाहीत, हे पण धरून चाला. ट्रेनिंगमध्ये फोन हातात नसतो, मग बंदोबस्त, मग लग्न, मग पोरंबाळं. रुसायचं नाही. ती मेथीवाली मुलगी झाली होती बरं का, आणि तिचा दोन वर्षं एक फोन नाही. गेल्या दिवाळीच्या आसपास अचानक आला, रात्री साडेनऊला, मी घाबरलेच. तिकडनं नुसता गोंधळ, पोरांचा आरडाओरडा. म्हणाली ताई, इथं पोलीस लाईनमधल्या पोरी मागं लागल्यात पळायला शिकव म्हणून, मैदान आहे, पण एक फेरी किती मीटरची तेच कुणाला माहिती नाही, तुम्ही तो टेप कुठनं आणलेला?

मी म्हटलं गवंड्याकडनं. आणि आतल्या कडेनं मोज.